व्युत्पत्तीचे कोनचिन्ह
‘हात < हत्थ < हस्त’ ही मांडणी भाषाभ्यासकांच्या नित्य परिचयाची आहे. संगणकीय वार्ताप्रवाहात मात्र हेच कोनचिन्ह रचनाखुणेचा आरंभ मानले जाऊ शकते. रोमन लिप्यंतरात चिन्हास शब्द जोडून लिहिला, आणि वाचकयंत्राने मजकूर खूणयुक्त समजला, की प्राकृत व संस्कृत ही दोन्ही रूपे लोपतात. उरतो एकटा ‘हात’. हानी दिसतही नाही, हे अधिक वाईट! २००२ च्या आरएसएस २.० मध्ये शीर्षक साधे की खूणयुक्त, हे सांगण्याची सोयच नाही. डिसेंबर २००५ च्या ॲटम प्रमाणकात ‘टाइप’ हा गुणविशेष आला. ‘टेक्स्ट’ म्हटल्यास चिन्ह एक्सएमएलपुरते एकदाच संकेतबद्ध करावयाचे; ‘एचटीएमएल’ म्हटल्यास दोनदा.