सोळाव्या वर्षाची उमेदवारी

'उमेदवारी' हा शब्द आता आपण बहुतेक निवडणुकीपुरताच राखून ठेवला आहे. पूर्वी त्याचा अर्थ अधिक व्यापक होता. मामलेदार कचेरीत किंवा एखाद्या वकिलाच्या बैठकीत विनावेतन बसावे, कागदांच्या नकला कराव्यात, जाणत्यांचे बोलणे ऐकावे आणि असे करता करता काम शिकावे, याला उमेदवारी म्हणत. इंग्लंडमधील शाळांत ज्याला 'वर्क एक्स्पीरियन्स' म्हणतात, ते या उमेदवारीचेच एक लहानसे रूप होय. कोठे आठवडाभराचे, तर कोठे दोनच दिवसांचे. तेथील सोळा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कायद्याच्या अथवा राजकारणाच्या क्षेत्रात अशी उमेदवारी कशी मिळू शकते, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय दूरदेशीचा खरा; परंतु निदान गोव्यातील श्रोत्यांना तो परका वाटू नये. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून घेता येते. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पारपत्राच्या बळावर हजारो गोमंतकीय तिकडे गेले, आणि लंडनच्या पश्चिमेस आगगाडीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. मुक्त संचाराचा तो मार्ग २०२० च्या अखेरीस बंद झाला. गेलेली कुटुंबे मात्र बहुतांशी तेथेच राहिली. आईबाप गोदामांत आणि कारखान्यांत राबतात, मुले तेथील शाळांत शिकतात. अशा घरातील एखादी मुलगी 'मला कायदा शिकायचा आहे' असे म्हणते, तेव्हा तिने कोणाला विचारावे? घरात वकील नाही, शेजारी नाही, आणि मडगावच्या वकीलकाकांना तिकडची रीत ठाऊक असण्याचे कारण नाही.

तेथील व्यवस्था थोडक्यात सांगतो. सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा झाली की पुढील दोन वर्षांना 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. या काळात विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेऊन ए-लेव्हलची तयारी करतो. कायद्याची पदवी शाळेनंतर लगेच, अठराव्या वर्षी सुरू करता येते, आणि त्यासाठी शाळेत कायदा हा विषय घेतलेला असण्याची गरज नसते. म्हणजे ज्या विषयाचे पुस्तकही कदाचित उघडलेले नाही, त्याची निवड सतराव्या वर्षी करावयाची! विश्वविद्यालयांच्या सामायिक अर्जात पूर्वी चार हजार अक्षरांचे एक आत्मनिवेदन लिहावे लागे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न करण्यात आले असून, त्यांपैकी तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर आपण काय केले, हाच आहे.

अन्यायाचे मूळ येथेच आहे. ज्याचा मामा लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टर आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर एका दूरध्वनीवर मिळते. गोदामात रात्रपाळी करणाऱ्याच्या मुलीला ते मिळत नाही. ही विषमता तेथील लोकांच्याही लक्षात आली नाही असे नव्हे. सटन ट्रस्ट या संस्थेने २००६ साली, वकिलीच्या क्षेत्रात ओळखपाळख नसलेल्या होतकरू विद्यार्थ्यांसाठी 'पाथवेज टु लॉ' ही योजना सुरू केली. बॅरिस्टरांच्या काही चेंबर्सनी आणि लंडनच्या मोठमोठ्या सॉलिसिटर पेढ्यांनीही अशा मुलांसाठी काही जागा राखल्या आहेत. त्यांसाठी अर्ज जरूर करावेत. परंतु जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ. त्यामुळे तेवढ्यावरच विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

परीक्षा उतरणे निराळे आणि काम जाणणे निराळे, याचा आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध दाखला महात्मा गांधींचा आहे. १८९१ साली ते इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. पुढे मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात तीस रुपयांच्या फीवर त्यांना पहिला दावा मिळाला. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास ते उभे राहिले, डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. तसेच खाली बसले आणि फी परत करून बाहेर पडले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद केली आहे. इनमधील भोजनांना हजर राहून आणि पुस्तके वाचून जे कळले नव्हते, ते न्यायालयातच कळावयाचे होते.

आणि न्यायालय तर उघडे असते! माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि बहुतेक विद्यार्थी नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. इंग्लंडमधील फौजदारी न्यायालयांत प्रेक्षकांसाठी जागा असते. तेथे बसण्यास शुल्क नाही, ओळख नाही, अर्ज नाही. चौदा वर्षांखालील मुलांना सामान्यतः आत घेत नाहीत, आणि अल्पवयीन आरोपींचे न्यायालय जनतेला बंद असते; एरवी सोळा वर्षांच्या मुलीला कोणी अडवीत नाही. छायाचित्र काढण्यास १९२५ च्या कायद्याने मनाई आहे, ध्वनिमुद्रणही करता येत नाही. वही-पेन्सिल मात्र चालते.

आरंभ मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयापासून करावा. तेथील बहुतेक मॅजिस्ट्रेट कायद्याचे पदवीधर नसतात. ते वेतन न घेणारे सामान्य नागरिक असतात. दोघे-तिघे एकत्र बसतात आणि कायदा काय आहे हे सांगण्यास जवळच एक कायदेसल्लागार असतो. देशातील जवळजवळ प्रत्येक फौजदारी खटल्याचा आरंभ येथेच होतो आणि शेकडा नव्वदांहून अधिक खटल्यांचा शेवटही येथेच होतो. एका सकाळी विम्यावाचून मोटार चालविणारा, दुकानातून वस्तू उचलणारा, दारूच्या नशेत मारामारी केलेला, असे दहापंधरा आरोपी येऊन जातात. ज्याला स्वतःचा वकील नाही, त्याच्यासाठी त्या दिवसाच्या पाळीचा सॉलिसिटर हजर असतो. काही मिनिटांची भेट, आणि तेवढ्यावर उभे राहून बोलावयाचे.

येथे बसून काय टिपावे? आरोपीने काय केले याची रसभरित हकीकत टिपण्यात फारसे हशील नाही; ते काम वृत्तपत्रे करतात. न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, हे टिपावे. समजा, जामिनाचा अर्ज आहे. आरोपी मनुष्य चांगला की वाईट, हा तेथे प्रश्नच नसतो. तो पुढील तारखेला हजर होईल काय, सुटला तर पुन्हा गुन्हा करील काय, साक्षीदारांना धमकावील काय, एवढ्याच मुद्द्यांवर उभय पक्ष बोलतात. संध्याकाळी घरी येऊन १९७६ चा जामीनविषयक कायदा उघडून पाहिला, तर हेच मुद्दे तेथे छापलेले आढळतील. सकाळी ऐकलेले संध्याकाळी छापलेले सापडणे, यात कायद्याच्या अभ्यासाचा जो आनंद आहे तो कोणत्याही प्रशस्तिपत्रात नाही. असे चार दिवस काढल्यावर क्राउन कोर्टात जाऊन बारा जणांच्या ज्यूरीपुढील खटला पाहावा. स्विंडनमध्ये ही दोन्ही न्यायालये आहेत. पुढे केव्हातरी लंडनला जाऊन पार्लमेंट चौकातील सुप्रीम कोर्टही पाहावे. २००९ साली सुरू झालेल्या या न्यायालयातील सुनावणी कोणालाही विनामूल्य ऐकता येते, आणि घरबसल्या संगणकावरही पाहता येते. लोकमान्य टिळकांना ताई महाराज प्रकरणात १९१५ साली न्याय देणारी प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती आज त्याच इमारतीत बसते, हे आपले म्हणून जाता जाता सांगतो.

आता प्रत्यक्ष कचेरीतील उमेदवारी. बॅरिस्टरांकडील 'मिनी-प्युपिलेज' बहुधा विश्वविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी असते. म्हणून सिक्स्थ फॉर्मच्या विद्यार्थ्याने आपल्याच गावातील लहान सॉलिसिटरकडे जावे हे बरे. घरांचे खरेदीखत, मृत्युपत्र, घटस्फोट, भाडेकरूंची भांडणे, अशी कामे तेथे चालतात. पत्र लहान असावे, शक्यतो पेढीतील विशिष्ट व्यक्तीच्या नावे असावे, आणि तीन-चार महिने आधी जावे. 'मला लहानपणापासून न्यायाची ओढ आहे' असे लिहू नये. सगळेच तसे लिहितात. 'मी अमुक आठवड्यात मोकळी आहे, गेल्या महिन्यात मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात दोन दिवस बसले, तेथे जामिनाचे अर्ज ऐकले, सॉलिसिटर पक्षकाराशी आधी काय बोलतो हे पाहण्याची इच्छा आहे,' असे लिहिले तर वाचणारा क्षणभर थांबतो. दहा पत्रांतील आठांना उत्तर येत नाही. दोन आठवड्यांनी नम्रपणे स्मरण द्यावे. त्यात कमीपणा नाही.

जागा मिळाली तरी काम बहुधा कागद लावण्याचेच मिळते. हरकत नाही. मात्र तेथे ऐकलेले पक्षकाराचे नाव आणि त्याची गोष्ट, मैत्रिणीजवळ काय किंवा आईजवळ काय, उच्चारावयाची नाही. वकिलीच्या धंद्यातील हा पहिला धडा आहे आणि तो पहिल्याच दिवशी लागू होतो.

राजकारणाचे क्षेत्र त्या मानाने सोपे. ब्रिटनचे ६५० खासदार आपापल्या मतदारसंघात, बहुतेक शुक्रवारी किंवा शनिवारी, लोकांच्या तक्रारी ऐकण्यास बसतात. या बैठकीला तिकडे 'सर्जरी' म्हणतात. शस्त्रक्रिया मात्र होत नाही. घर मिळत नाही, व्हिसा अडकला, भत्ता बंद झाला, असे लोक येतात. खासदाराच्या स्थानिक कचेरीस पत्र लिहून आठवडाभर पत्रव्यवहार लावण्याचे काम मागावे. कॉमन्स सभेतील भाषणापेक्षा राज्यकारभाराचे ज्ञान येथे अधिक होते. नगरपालिकेच्या सभाही पाहाव्यात. त्या जनतेला खुल्या असाव्यात यासाठी १९६० साली जो कायदा झाला, त्याचे विधेयक नुकत्याच निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मांडले होते. आणि त्याही बॅरिस्टरच होत्या.

स्विंडनच्या मुलांविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. युरोपीय नागरिकांना ब्रिटनमधील वास्तव्याचा हक्क नोंदविण्याची मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. इंग्रजीत कच्च्या असलेल्या आईबापांचे आणि आजीआजोबांचे ते अर्ज कित्येक घरांत शाळकरी मुलांनीच भरले. कोणता पुरावा पुरेसा, कोणती तारीख महत्त्वाची, नावाच्या स्पेलिंगमधील फरक कसा समजावून द्यावा, हे त्यांनी तेव्हाच हाताळले. अशा मुलांना तो अनुभव अर्जात लिहिण्याची लाज वाटते. वस्तुतः एका कायद्याने आपल्या घराचे काय झाले असते, हे त्यांना मोठ्या पेढीत आठवडा काढलेल्या मुलापेक्षा अधिक ठाऊक असते. कुटुंबाची खाजगी माहिती न देता ते अवश्य लिहावे.

वेळेचा हिशेब एवढाच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यास बंद होतात, इतर बहुतेक विश्वविद्यालयांचे जानेवारीत. म्हणून उमेदवारी करावयाची ती सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाअखेर, जून-जुलैमध्ये. तिच्यासाठी पत्रे जावयाची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. उत्तरांची वाट पाहण्याच्या दिवसांत मॅजिस्ट्रेटचे न्यायालय आहेच. सुट्टीच्या एखाद्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तेथे पोहोचावे आणि दारातील कर्मचाऱ्याला त्या दिवसाच्या खटल्यांची यादी विचारावी.