प्रामाणिक म्हणजे नेमकं काय?



गटाच्या बैठकीत एक शब्द हमखास कानावर पडतो. "आपली सचिव ताई एकदम प्रामाणिक आहे." चोरी न करणारी, खोटं न बोलणारी, असा अर्थ आपण घेतो. तो बरोबरच आहे. पण या शब्दाच्या पोटात आणखी एक अर्थ आहे, आणि तो आपल्या गटाच्या फार कामाचा आहे.

आधी एक प्रसंग सांगते. भुसावळ तालुक्यातल्या एका गटात बारा जणी. महिन्याची बचत प्रत्येकी १०० रुपये. एका महिन्याचे १२०० रुपये बँकेत भरल्याची नोंदच वहीत सापडेना. सचिव ताई रडकुंडीला आल्या. "पैसा त मी भरला व बाई, माह्यावर भरोसा नही का तुमचा?" भरोसा सगळ्यांचाच होता, तरी कुजबुज सुरू झालीच. दोघी जणी गट सोडायच्या गोष्टी करू लागल्या. चौथ्या दिवशी बँकेची पावती ताईंच्या घरी तांदळाच्या डब्यात सापडली. पैसे वेळेवर भरलेले होते. ताई खऱ्याच होत्या, पण ते चार दिवस त्यांना घास गोड लागला नाही. यात माझीही चूक होती. "नोंद पुढच्या बैठकीत करू, घाई नाही," असं त्या दिवशी मीच म्हणाले होते.

आता शब्दाकडे येऊ. 'प्रामाणिक' हा शब्द 'प्रमाण' या संस्कृत शब्दापासून तयार झाला. सप्ताहाचं साप्ताहिक, समाजाचं सामाजिक, तसं प्रमाणाचं प्रामाणिक. म्हणून लिहितानाही 'प्र' नाही, 'प्रा' लिहायचं.

'प्रमाण' या शब्दाच्या मुळाशी 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे. 'माप' हा शब्दही त्यातलाच. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडदाचं प्रमाण आपण बघतो, ते हेच. प्रमाणाचा दुसरा अर्थ पुरावा. म्हणून शाळेतून मिळतं ते प्रमाणपत्र. म्हणजे शब्दाच्या मुळाकडून पाहिलं, तर प्रामाणिक म्हणजे मापात बसणारं, पुराव्याला उतरणारं.

आपल्याकडे दुसरा शब्द आहे 'इमानदार'. 'इमान' मूळचा अरबी, त्याचा अर्थ श्रद्धा, विश्वास. त्याला फारसीतला 'दार' जोडला, जसा दुकानदारमध्ये आहे. दूरदेशचा शब्द, पण इथल्या मातीत असा रुजला की जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही तो भेटतो.

रोजच्या बोलण्यात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. मुळं मात्र वेगळी. इमान मनात असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. प्रमाण बाहेर असतं, चार जणींना दाखवता येतं. त्या सचिव ताईंकडे इमान पूर्ण होतं. कमी पडलं ते प्रमाण.

जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेताना आपण काय करतो? सराफ ओळखीचा असला, तरी हॉलमार्क बघतो, पक्कं बिल मागतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी क्रमांक असणं बंधनकारक आहे. तो बघितला म्हणून सराफ रागावत नाही. मग गटात "ताई, पावती दाखवा" म्हटलं की आपल्याला राग का येतो? पावती मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे. उलट, उद्या कोणी बोट दाखवलं तर तीच पावती आपल्या ताईची बाजू मांडते.

गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला हिशेबाच्या अद्ययावत नोंदी आहेत, त्या यासाठीच.

तेव्हा पुढच्या बैठकीपासून एवढं करा. पैसे सगळ्यांसमोर मोजा. प्रत्येकीच्या पासबुकात तिथल्या तिथे नोंद करून सही घ्या. बँकेची पावती वहीत चिकटवा. उठण्याआधी शिल्लक मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे वाचता न येणाऱ्या ताईलाही ती कळेल.

त्या गटाने आता हेच सुरू केलंय. गट सोडायला निघालेल्या दोघीही टिकल्या. सचिव ताई अजून त्याच आहेत. बैठक सुरू झाली की त्या स्वतःच वही मधोमध ठेवतात आणि म्हणतात, "पाहून घ्या व बायांनो!"