वॉटर पेपरचे ओरखडे आणि पॉलिशचे यंत्र

मोटारीच्या रंगावर ओला पेपर मारणे, म्हणजे पाणी सोडत अतिशय बारीक दाण्याच्या वॉटर पेपरने पृष्ठभाग घासणे, ही खरे तर जाणूनबुजून ओरखडे पाडण्याचीच क्रिया आहे. फवारणीनंतर रंगावर उरलेली संत्र्याच्या सालीसारखी लहर, एखादा ओघळ किंवा चिकटून बसलेला धुळीचा कण सपाट करायचा, तर उंचवटा खरवडून भोवतालच्या पातळीवर आणावाच लागतो. त्यात चकाकी नाहीशी होऊन सर्वत्र दुधी मंदपणा पसरतो, आणि गॅरेजमध्ये ज्याला रबिंग-पॉलिश म्हणतात ते यंत्रकाम हा मंदपणा घालवण्यासाठी असते.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा रंगहीन, पारदर्शक थर असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर या सर्वांची मिळून जाडी साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन भरते, आणि त्यांपैकी क्लिअर कोटच्या वाट्याला 40 ते 50 मायक्रॉनच येतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ओरखडा डोळ्याला दिसतो तो त्याच्या चरात प्रकाश विखुरतो म्हणून, आणि पॉलिशने तो भरून निघतो हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे, कारण प्रत्यक्षात चराच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअर कोटच झिजवला जातो. काही पॉलिशांतील तेले चर तात्पुरते बुजवून फसवी चकाकी देतात, म्हणून जाणकार कारागीर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसल्यावरच कामाची पारख करतात.

चर जितका खोल तितका क्लिअर कोट झिजवावा लागत असल्याने पॉलिशचे निम्मे यश पेपरच्या निवडीतच ठरते, असे म्हणण्यास हरकत नाही. पेपरचा क्रमांक जितका मोठा तितका दाणा बारीक: 1500 क्रमांकाच्या पेपरचा दाणा सरासरी 12 ते 13 मायक्रॉनचा, तर 2000चा सुमारे 10 मायक्रॉनचा असतो. 1500 नंतर 2000 आणि मग 3000 असा क्रम ठेवून, दर वेळी घासण्याची दिशा बदलली, तर आधीच्या पेपरचे राहून गेलेले ओरखडे आडवे उठून दिसतात. या क्रमातली एखादी पायरी गाळून वेळ वाचवणारा कारागीर तोच वेळ पुढे यंत्रावर, आणि तोही उष्णतेच्या जोखमीसह, खर्च करतो.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. रोटरी यंत्राचा पॅड एकाच आसाभोवती फिरतो. लोकरीचा पॅड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असलेले कंपाउंड घेऊन ते ओरखडे झपाट्याने काढते, परंतु एका जागी रेंगाळले की रंग तापतो, शिवाय उन्हात सरकत्या छटांसारखी दिसणारी वर्तुळाकार वळणे मागे राहतात. ड्युअल ॲक्शन यंत्राचा पॅड फिरता फिरता हेलकावतोही, त्यामुळे ते हळू पण सुरक्षित चालते. रोटरीने ओरखडे काढून शेवटचा हात मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने ड्युअल ॲक्शनवर फिरवणे, हीच पद्धत गडद रंगांना, विशेषतः काळ्याला, मानवते.

बॉनेटच्या कडा आणि दारावरच्या उठावाच्या रेषा येथे खरा धोका असतो, कारण ओला रंग तीक्ष्ण कडेवरून मागे सरकत असल्याने तेथील थर मुळातच पातळ असतो; तेथे चिकटपट्टी लावून काम करणे शहाणपणाचे. प्लास्टिकचा बंपर उष्णता पत्र्याप्रमाणे पसरू देत नाही, आणि पत्र्यावर चालणारे जाडीमापकही त्यावर निरुपयोगी ठरते. शिवाय अतिनील किरण अडवणारी द्रव्ये क्लिअर कोटमध्येच असतात, त्यामुळे तो फार झिजला तर चकाकी साधूनही पुढे रंग उन्हाने लवकर खराब होतो.

क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्यांवर पॉलिश करताना पॅडला रंग लागणे स्वाभाविक आहे. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर काम करताना मात्र पॅडवर रंग उतरू लागला, तर तो थर तेथे संपलेला असतो आणि त्या भागावर पुन्हा रंग मारण्यावाचून उपाय उरत नाही.