हवापालट करा, पण पायांना विसरू नका

आमच्या वडिलांच्या काळी आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर हवापालट करायला सांगत. औषधे थोडी होती, त्यामुळे या सल्ल्याला मान होता. आता औषधे पुष्कळ झाली आणि हवापालट हा शब्दच मागे पडला. तरीही मी तो सल्ला अजून देतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये तो माझ्या थोरल्या भावाला दिला आणि त्यांच्याबरोबर मीही अलिबागला गेलो. तिथे जे घडले ते मधुमेह असलेल्या प्रत्येक वाचकाने वाचावे, असे वाटते.

नाना नामपूरला शेती करतात. उन्हाळी कांद्याला रात्री-बेरात्री पाणी भरून ते थकले होते. बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी आणि "माले काही व्हत नही" हे पालुपद. पोराने कांद्याकडे पाहण्याचे कबूल केले तेव्हा कुठे ते निघाले. नाशिक, पनवेल, पेण असा लांबचा पल्ला. दर दोन तासांनी खाली उतरून दहा मिनिटे चाला, पोटऱ्यांची हालचाल करा, असे मी सांगत होतो आणि तेवढे त्यांनी ऐकले.

अलिबागला गेल्यावर पहिली तक्रार घामाची. आपल्या मोसम खोऱ्यातले ऊन याहून कडक, तरी इथे एवढी घालमेल का, असे नानांनी विचारले. कारण सोपे आहे. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो आल्याआल्या उडतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून गावी चार मैल चालणारा माणूस तिथे दोन मैलांत दमतो. पहिले दोन दिवस चालणे निम्म्यावर ठेवावे आणि तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने ती बंद करू नये.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती आणि कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे नानांनी ठरवले. हा किल्ला समुद्रातच, किनाऱ्यासमोर उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू केले, संभाजी महाराजांनी ते पुरे केले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचे आरमार इथूनच हालत असे. आतले सिद्धिविनायकाचे देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधले. चारी बाजूंना खारे पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. ओहोटीला तिथे पायी जाता येते.

ओहोटीची वेळ काढायचा कोकणी हिशेब आपल्यालाही जमण्याजोगा आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. तिच्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि नंतर तासाभरात किनाऱ्याला परतावे. अष्टमीच्या आसपास पाणी पुरेसे हटतच नाही. तेव्हा हिशेबावर न जाता स्थानिक लोकांना विचारावे आणि ते "नको" म्हणाले तर ऐकावे. पाणी मागून येऊन वाट बंद करते, तेव्हा पोहता येणाऱ्याचीही फसगत होते.

निघताना पहिला वाद उपासाचा झाला. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी चालले तर साखर एकदम खाली येते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटी देवाची क्षमा मागून नानांनी नाष्टा केला. पण वाळूवर उतरताच त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. ओली वाळू, मोकळी हवा. मलाही ते पाहून बरे वाटले आणि मी बोललो नाही. डॉक्टर असून ही चूक माझी.

दर्शन घेऊन परतताना माझी पत्नी मागून येत होती. तिने हाक मारली, "अहो, नानांच्या पावलाचा ठसा बघा." ओल्या वाळूवर दर एका पावलाआड लाल डाग होता. खडकांवर चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडेने तळव्याला बोटभर चीर पडली होती. नानांना काहीच समजले नव्हते. ते गप्पा मारत चालले होते.

बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. काटा, चटका, खडा यांची खबर मेंदूला मिळत नाही. रक्तपुरवठाही मंदावलेला असतो, त्यामुळे जखम चिघळते आणि काही वेळा बोट किंवा पाय कापायची पाळी येते. खाऱ्या पाण्यातले काही जंतू मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना फार बाधतात. म्हणून जखम पिण्याच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, वर स्वच्छ फडके बांधावे, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. लाली पसरू लागली, सूज किंवा ताप आला तर थेट रुग्णालय गाठावे. नानांची जखम भरायला तीन आठवडे लागले.

वाळूवर, खडकांवर मागे पट्टा असलेल्या बंद चपला घालाव्यात. देवळाच्या तापलेल्या फरशीवर सुती मोजे घालून जावे, देव रागावत नाही. रात्री झोपताना दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा बारीक धागा टेकवून ती मिनिटभरात समजते, सुई लागत नाही.

उरलेले दोन दिवस नाना खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसले आणि खरी विश्रांती, मला वाटते, तेव्हाच झाली. निघताना त्यांनी पांढऱ्या कांद्याची एक माळ घेतली. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. विक्रेती बाई म्हणाली, याने साखर उतरते. नानांनी माझ्याकडे पाहिले. कांदा खुशाल खा, गोळी चालू ठेवा, असे मी सांगितले. त्यांचे लक्ष मात्र माळेच्या किमतीकडे होते. आपला कांदा गोणीने जातो आणि हा मोजून विकतात, हे ते पेणपर्यंत बोलत होते.