शंभराव्या युनिटनंतर

४ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्री महाराष्ट्रातले वीज कर्मचारी, अधिकारी आणि अभियंते संपावर गेले. संप तीन दिवसांचा जाहीर झाला होता, मिटला त्याच दिवशी. मागणी पगारवाढीची नव्हती की बोनसची. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात वीज वितरणाचा समांतर परवाना अदानी समूहाच्या कंपनीने मागितला होता. तो देऊ नये, हा वादाचा मुद्दा होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी संघटनांना चर्चेला बोलावलं, वीज कंपन्यांचं खासगीकरण करण्याचा सरकारचा विचार नाही असं सांगितलं आणि माणसं कामावर परतली.

पनवेलमध्ये त्या दिवशी दोन्ही तऱ्हेची बोलणी ऐकू येत होती. ‘सरकारी आहे म्हणून निदान दाद मागता येते’ असं म्हणणारे होते. ‘येऊ दे की कोणीतरी, पहिल्या पावसाला डीपी तरी उडणार नाही’ असं म्हणणारेही होते, आणि दुसरे जास्त होते. पण त्या अर्जातली गावांची यादी नीट वाचावी, असं फार कमी जणांना वाटलं. वितरणाचा धंदा करायचा तर जत का नको, मेळघाट का नको, पनवेलच का?

कारण उघड आहे. तळोज्याची औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, खारघरचे टॉवर, उरणकडचं जेएनपीए बंदर. शहराजवळच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत २०२० साली ‘योट्टा’चं डेटा सेंटर सुरू झालं. अशी केंद्रं दिवसरात्र वीज खातात आणि दिवसरात्र थंड ठेवावी लागतात. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. इथला ग्राहक दाटीने राहतो, भरपूर वीज वापरतो आणि बिल बहुतेक वेळेवर भरतो. कमी लांबीच्या तारेत जास्त पैसा. वीज कायदा २००३ एकाच भागात दोन वितरकांना परवानगी देतो, त्यामुळे अर्जात गैर काहीच नव्हतं. संघटनांचं म्हणणं इतकंच होतं की साय एकाने काढून नेली तर खालचं पातळ दूध कोणाच्या गळ्यात पडणार?

याचं उत्तर आपल्या घरच्या बिलात आहे.

महावितरणच्या घरगुती बिलात पाच ओळी पैशाच्या असतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. शेवटचं सरकारच्या तिजोरीत जातं. २०२४-२५ मधले दर घेऊन हिशेब करू. पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे, मिळून ५ रुपये ८८ पैसे. १०१ ते ३०० युनिटांना हाच आकडा ११ रुपये ४६ पैसे. ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. पाचशेच्या वर १७ रुपये ८१ पैसे. स्थिर आकार १२८ रुपये.

इंधन समायोजन बाजूला ठेवलं तर १०० युनिटांचं बिल ८३१ रुपये होतं आणि २०० युनिटांचं २,१६०. वापर दुप्पट, बिल अडीचपटीहून जास्त. ४०० युनिटांना ५,३१३. नवीन पनवेलमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पंखे, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन एवढंच असेल तर काटकसरीने शंभराच्या आसपास भागतं. मे महिन्यात रात्री एसी लावला की तेच घर अडीचशे-तीनशेवर जातं. इथला मे नुसता तापत नाही, घामाने भिजवतो, आणि एसीचा बराच जीव हवेतली ओल काढण्यातच जातो.

एक गैरसमज मात्र हौसिंग सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर दर उन्हाळ्यात फिरतो. ३०० ओलांडले की सगळीच युनिटं महाग दराने लागतात, असा. तसं नाही. पहिली शंभर पहिल्याच दराने मोजतात, महाग होतात ती वरची. आणि एप्रिलच्या सुमाराला जे दुसरं बिल येतं, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं, ते वाढलेल्या वापराचंच पिल्लू. २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी लागते. बिल वाढलं की ठेवही वाढते. तिच्यावर व्याज मिळतं, एवढाच दिलासा.

शंभराव्या आणि एकशेएकाव्या युनिटमध्ये जवळपास दुपटीचा फरक का? वीज तीच, तार तीच. फरक धोरणाचा आहे. लहान वापराचं घर आणि शेतीपंप यांना प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी दर लावायचा आणि ती तूट उद्योग, दुकानं व जास्त वापराच्या घरांकडून भरून काढायची. याला क्रॉस-सबसिडी म्हणतात. तळोज्याचा कारखानदार तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडतो आणि त्याचं अगदीच चूक नाही. जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. ते पैसे राज्य सरकार देणार आहे, म्हणजे पुन्हा फिरून आपणच. मला ही व्यवस्था मुळात अन्यायाची वाटत नाही. कोणीतरी कोणाचा तरी भार उचलल्याशिवाय विजेचं जाळं खेड्यापर्यंत जगात कुठेच गेलेलं नाही. अडचण भार उचलण्यात नाही, भार उचलणारे एकेक करून बाहेर पडतात, त्यात आहे.

बाहेर पडण्याची एक वाट समांतर परवान्याची. मुंबईत ती आधीच वापरून झाली आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य केला. उपनगरात तेव्हा रिलायन्सची वीज महाग होती, लोक तिथून टाटांकडे गेले. तारा मात्र रिलायन्सच्याच राहिल्या, म्हणून वहन आकार तिकडे भरायचा. पुढे राज्य वीज नियामक आयोगाने अशा ग्राहकांवर क्रॉस-सबसिडी अधिभारही लावला. घर सोडून गेलेल्या भावाला जुन्या कर्जाचा हप्ता चुकला नाही. समांतर परवाना आला की बिल झपकन उतरेल, असं समजणाऱ्या पनवेलकरांनी हा उपनगरचा अनुभव आधी विचारून घ्यावा.

दुसरी वाट गच्चीवरची. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्यावर एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ३ किलोवॅटची यंत्रणा साधारण दीड ते दोन लाखांना बसते. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. कोकणातल्या आषाढ-श्रावणात आकडा झोपतो, उन्हाळ्यात तो भरून निघतो. महिन्याला साडेतीनशे युनिटं धरली तर ४०० युनिट वापरणाऱ्या घराचं बिल ५,३१३ वरून पाचशेच्या आत येतं. अनुदान वजा जाता घातलेले पैसे साधारण सव्वा ते दोन वर्षांत वसूल. एवढा परतावा देणारी मुदत ठेव कोणत्याही बँकेत नाही.

आता ९० युनिट वापरणारं घर घ्या. त्याचं बिल साडेसातशेच्या आसपास, आणि १ किलोवॅटने वाचतात महिन्याला सहाशे. तिथे पैसे वसूल व्हायला दुप्पट वेळ लागतो. शिवाय गच्ची कोणाची? सिडकोच्या बैठ्या घरांचे मालक, गावठाणातली घरं, बंगलेवाले यांच्या डोक्यावर स्वतःचं आभाळ आहे. खारघर, रोडपालीच्या वीस-वीस मजली इमारतीत गच्ची शंभर जणांची, आणि तिच्यावर आधीच पाण्याच्या टाक्या, डिश आणि लिफ्टची खोली. भाडेकरूचा तर प्रश्नच नाही. म्हणजे सौरऊर्जेने सर्वांत आधी सुटतो तो महाग टप्प्यात भरणारा, स्वतःच्या छपराचा माणूस. तोच क्रॉस-सबसिडीचा मोठा देणेकरी होता. त्याने पॅनेल लावू नये असं मी म्हणणार नाही, माझी गच्ची असती तर मीही लावले असते. पण तारा, रोहित्रं आणि रात्रीची वीज यांचा खर्च तो गेल्यावर उरलेल्यांत वाटला जातो. १ जुलै २०२५ पासूनच्या दरांच्या फेररचनेत पहिल्या शंभर युनिटांना सवलत मिळाली, वरच्या टप्प्यांना तशी नाही, आणि हे प्रकरण पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेलं. म्हणजे बाहेर पडण्याचं कारण वरच्यांना उरलंच.

दर हा झाला एक भाग. वीज असणं हा दुसरा, आणि या बाबतीत पनवेलची जागा विचित्र आहे. मुंबईच्या विजेची वाट शंभर वर्षांहून जास्त काळ याच मुलुखातून जाते. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. पुढे भिवपुरी आणि भिरा आली. भिऱ्यासाठी मुळशीचं धरण बांधताना सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, जमिनी तरीही बुडाल्या. आज कळंबोलीत आणि खारघरला ४०० केव्हीची उपकेंद्रं आहेत, आणि सायन-पनवेल रस्त्याने येताना मनोरे मोजायला लागलात तर मोजणी सोडून द्याल.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास यातली गोम सगळ्यांना कळली. कळवा–पडघे वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती. (हे पडघे भिवंडीजवळचं, आपल्या तळोज्याजवळचं नव्हे.) दुसरी गेली, सगळा भार पुणे–खारघर वाहिनीवर आला, तीही तुटली. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल अंधारात. लोकल उभ्या राहिल्या, करोनाच्या दिवसांत रुग्णालयं जनरेटरवर आली. संकटात मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून तोडून वाचवणारी जी यंत्रणा आहे, ती त्या दिवशी टिकली नाही. त्या दिवशी देशात विजेचा तुटवडा नव्हता. वीज होती, आणायला वाट नव्हती. २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली ती याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. ती मुंबईसाठी आहे. पनवेलच्या गल्लीत झाडाची फांदी पडून तारा जोडणारा जंपर तुटतो त्याच्याशी तिचा संबंध नाही, आणि पनवेलकराची रोजची वीजसुरक्षा नेमकी त्या जंपरवर टांगलेली असते.

इंधनाचंही तसंच. गेलची दहेज–उरण वायुवाहिनी पनवेलकडे येते आणि इथून दाभोळची निघते. शेजारी उरणला महानिर्मितीचं ६७२ मेगावॅटचं वायुविद्युत केंद्र १९८२ पासून आहे, वायूअभावी ते पूर्ण क्षमतेने क्वचितच चालतं. वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला एन्रॉनने बांधलेला, २००१ मध्ये बंद पडलेला आणि पुढे सरकारी कंपन्यांनी सावरलेला प्रकल्प आहे. १,९६७ मेगावॅट, आणि तोही बहुतेक काळ अर्धपोटी. आयात द्रवरूप वायू महागला की त्यावरची वीज कोणी घेत नाही. स्वयंपाकघरातल्या पाइपच्या गॅसला देशी वायूत अग्रक्रम आहे, म्हणून चूल पेटते. वीज मग येते चंद्रपूरच्या कोळशावर. तो कमी पडला किंवा २०२२ सारखा आयात कोळसा भडकला, की काही महिन्यांनी बिलात इंधन समायोजनाची ओळ फुगते.

ज्यांना वाटतं वीज महाग म्हणजे वीज कंपन्यांचे शेअर सोन्याची कोंबडी, त्यांनी गुजरातमधल्या मुंद्र्याची गोष्ट वाचावी. २००६ मध्ये टाटा पॉवरने ४,००० मेगावॅटचा प्रकल्प युनिटमागे सरासरी २ रुपये २६ पैशांच्या बोलीवर जिंकला. भिस्त इंडोनेशियाच्या स्वस्त कोळशावर होती. इंडोनेशियाने निर्यातीचे भाव जागतिक भावाला बांधले आणि हिशेब कोसळला. ११ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशातला कायदा बदलणं ही दरवाढ मागण्याची सबब होत नाही. महाराष्ट्रही या प्रकल्पाचा ग्राहक आहे. नुकसान ग्राहकाऐवजी भागधारकाच्या खात्यात गेलं, असं क्वचित घडतं, तिथे घडलं. उलट तारा आणि उपकेंद्रं उभारणाऱ्या कंपन्यांचा परतावा आयोग नियमाने ठरवून देतो. तो फार नसतो, पण येतो, आणि तुमच्या बिलातून येतो. म्हणजे पारेषण कंपनीचा शेअर घेणारा पनवेलकर एका खिशातून भरतो आणि दुसऱ्यात लाभांश घेतो.

आता घरोघर नवे मीटर बसतायत. प्रीपेडची योजना विरोधामुळे सामान्य ग्राहकांसाठी मागे पडली. बसतायत ते दिवसाच्या वेळेप्रमाणे मोजणारे, बिल नंतर देणारे. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून पुढे एक रुपयापर्यंत सवलत आहे, कारण सूर्य तेव्हाच वीज देतो. कागदावर योजना चोख. पण पनवेलचा नोकरदार सवलत सुरू होण्याआधी हार्बरच्या गाडीत उभा असतो आणि संपल्यावर दोन तासांनी घरी येतो. त्याच्या घरात दिवसा चालतो तो फ्रिज. सवलत खऱ्या अर्थाने वापरू शकते ती सोसायटी. टाकी भरणारा पंप पहाटेऐवजी सकाळी अकराला लावायचा, टायमर बसवायचा. सामाईक सुविधांसाठीच्या सौर पॅनेलला किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदानही सूर्यघर योजनेत आहे, लिफ्ट आणि पंपाचं बिल त्यात निघतं. त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव लागतो. आणि सभा मात्र दरवर्षी पार्किंगच्या विषयावरच संपते.