ग्रंथालयसेवक, संगणक आणि आपले साहित्य

मी ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली, तिथे एकदा एक विद्यार्थिनी 'बलुतं' मागायला आली. संगणकावर शोधले, नोंद नाही. ती परत निघाली तेव्हा आमच्या शिपाईमामांनी रॅकवरून पुस्तक काढून तिच्या हातात दिले. तीन प्रती होत्या. माणसाला ठाऊक होते ते यंत्राला ठाऊक नव्हते. हे असे का घडते ते आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण आजचा अभ्यासक आधी ऑनलाइन सूची पाहतो आणि तिथे जे नाही ते लिहिलेच गेले नाही असे धरून पुढे जातो.

पहिले कारण अगदी साधे आहे. आमच्या नोंदी जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'ब' दिसतो, पण यंत्राच्या पोटात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. वरून फक्त देवनागरीचा अंगरखा. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच नोंद उघडा, निव्वळ कचरा दिसेल. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'ब' म्हणजे २३४८, मग संगणक मुंबईचा असो की न्यूयॉर्कचा. जुन्या नोंदी युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. पण बदलताना जोडाक्षरे मोडतात आणि ती एकेक करून वाचून दुरुस्त करायला मराठी वाचणारा माणूसच लागतो. युनिकोडमध्येही खाचखळगे आहेत. 'वऱ्हाड' ह्या शब्दातला अर्धा 'र' दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. सेवकाने एका रीतीने टंकले, वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर कित्येक सूचींत पुस्तक हरवते.

दुसरे कारण नावांचे. 'बलुतं' की 'बलुते'? लेखक दया पवार, की पवार दया, की दगडू मारुती पवार? बाबासाहेबांचे तर विचारू नका. भीमराव रामजी, डॉ. बी. आर., हिंदीतले 'अंबेडकर', अशी पाच-सहा रूपे मी एकाच सूचीत पाहिली आहेत आणि प्रत्येक रूपाखाली थोडी थोडी पुस्तके. ह्याला उपाय आहे. ग्रंथनोंदीच्या मार्क नावाच्या पद्धतीत २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक येते आणि २४६ मध्ये त्याची पर्यायी रूपे देता येतात. नावांसाठीही एक प्रमाण रूप ठरवून बाकीची त्याला जोडता येतात. पण ती रूपे सुचायला हवीत ना! मोबदला दर नोंदीमागे ठरवून हे काम बाहेर दिले, की टंकणारा मुखपृष्ठावर दिसेल तेवढेच टंकतो. त्याचा दोष नाही. त्याला ते साहित्य ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायला वेळही नाही.

तिसरे कारण अधिक खोल आहे, ते विषयाचे. आमच्या जुन्या कार्डांवर आपली आत्मकथने 'हरिजन' ह्या मथळ्याखाली होती. संगणकीकरणात तो मथळा जसाच्या तसा उचलला गेला. काही आत्मकथने मराठी साहित्याच्या ८९१.४६ ह्या वर्गात न जाता ३०५.५ मध्ये, म्हणजे सामाजिक वर्गांच्या अभ्यासात बसवलेली होती. आपण लिहिले ते साहित्य नव्हे, नमुना! अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी हेच भोगले. हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल डोरोथी पोर्टर १९३० पासून काळ्यांच्या ग्रंथसंग्रहाचे काम पाहू लागल्या. ड्यूई पद्धत वापरणारी ग्रंथालये तेव्हा काळ्यांची पुस्तके ३२५ म्हणजे वसाहत आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी ह्या दोन क्रमांकांत कोंबत असत. जेम्स वेल्डन जॉन्सनसारख्या कवीचा कवितासंग्रहदेखील. पोर्टरबाईंनी ते नाकारले आणि पुस्तके वाङ्मयप्रकार व लेखक पाहून लावली. मेल्विल ड्यूईच्या वंशवादी वर्तनामुळे त्याचे नाव आपल्या पदकावरून काढण्याचा ठराव अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ साली केला. पोर्टरबाईंनी आपल्या टेबलावर हा निर्णय कितीतरी आधी घेतला होता.

म्हणून प्रश्न येतो, शिकायचे कुणी? आपल्याकडे प्रशिक्षणाला मुख्य ग्रंथपाल जातो, एक दिवस व्याख्याने ऐकतो, प्रमाणपत्र घेऊन येतो. देवघेवीच्या खिडकीत बसणारा आणि पुस्तके लावणारा तिथेच राहतो. आणि तो बहुधा कुठल्या वस्तीतून आलेला असतो हे वाचकांना सांगायला नको. खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात तर ग्रंथपाल, लेखनिक आणि झाडूवाला हा एकच इसम असतो.

ह्याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या शार्लट शहरातले. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ साली आपल्या सर्व पायऱ्यांवरच्या सेवकांसाठी तेवीस छोट्या गोष्टींचा पाठ आखला. हेलन ब्लोअर्स ह्या बाईंनी तो तयार केला होता. जालावर आपली रोजनिशी उघडणे, छायाचित्र चढवणे, पुस्तकाला विषयखूण जोडणे, सामाईक पानावर मजकूर घालणे, अशा त्या गोष्टी. वर्ग नाही, परीक्षा नाही. ज्याने त्याने आपल्या गतीने करून पाहायचे, अडले तर शेजारच्याला विचारायचे. पाठ पुरा करणाऱ्याला गाणी ऐकायचे एक छोटे यंत्र बक्षीस. पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी ही रीत उचलली. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच शार्लटमध्ये काळ्यांसाठी ब्रेव्हर्ड स्ट्रीटवर वेगळे वाचनालय होते, कारण मुख्य ग्रंथालयात त्यांना मज्जाव होता. त्या तेवीस गोष्टींतल्या बऱ्याचशा आज जुन्या झाल्या, साधने बदलली. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांतले 'सर्व'.

पैसा नाही ही सबब इथे पुरती चालत नाही. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली न्यूझीलंडच्या एका लहानशा ग्रंथालयाने करवून घेतली, जानेवारी २००० पासून वापरली आणि जगाला मोफत दिली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. तिच्यात युनिकोड मराठी चालते. लागतो तो कामाच्या तासांतला वेळ आणि तोच कुणी द्यायला तयार नसतो. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी राजगृह बांधले हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. गावच्या वाचनालयातल्या सेवकाला रोज अर्धा तास शिकायला मिळतो का, हे तिथल्या कार्यकारिणीला विचारायला मात्र आपल्यातला कुणी जात नाही.

आमचे शिपाईमामा पुढे इनस्क्रिप्ट टंकन शिकले. कळफलकावर अक्षरांचे कागदी तुकडे डकवून, जेवणानंतरच्या अर्ध्या तासात. 'हरिजन' हा मथळा काढून 'दलित आत्मकथन' घालण्याचे काम आम्ही दोघांनी मिळून केले. मग त्यांनीच विचारले, "साहेब, ह्या जुन्या अंकांचं काय?" खरेच होते. आपल्या साहित्याचा केवढा तरी भाग नियतकालिकांत आहे आणि सूचीत येते ते केवळ अंकाचे नाव. आतली कविता, आतला लेख नव्हे. मामा अनुक्रमणिका टंकू लागले. एका अंकाला वीसेक मिनिटे लागत. बांधीव अंकांची दोन कपाटे होती. मी निवृत्त झालो तेव्हा पहिल्या कपाटाचा वरचा कप्पा पुरा झाला होता.