खोका, हवा आणि आवाज

भिलाईसारख्या शहरात एकाच मैदानावर दोन निराळ्या प्रकारचे कार्यक्रम होतात. पंडवानीत गायिका तंबुरा हाती घेऊन महाभारतातील प्रसंग गाते, सांगते व अभिनयाने उभे करते. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या, भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या आणि २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाईंनी ही कला देशोदेशी नेली. तेथे श्रोत्याला शब्द ऐकू यावा लागतो. याउलट नागपूरपासून दुर्ग-भिलाई-रायपूरपर्यंत प्रसिद्ध असलेल्या धुमाळ पथकांत वाहनावर ध्वनिक्षेपकांचे मनोरे रचलेले असतात व तालाचा ठोका छातीला जाणवावा, अशी अपेक्षा असते. जो सुताराच्या मदतीने स्वतः ध्वनिक्षेपक तयार करू पाहतो, त्याने यांपैकी कोणते काम करावयाचे आहे हे प्रथम ठरवले पाहिजे.

चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू, अशी स्पीकरची रचना १९२५ साली राईस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. मात्र नुसता स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर खर्जाचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. शंकू पुढे सरकताना समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. सेकंदाला ४० आंदोलनांच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. तिच्यापुढे अर्ध्या मीटरचा स्पीकर अगदीच लहान. त्यामुळे मागची लाट कडेने वळून पुढच्या लाटेला मारून टाकते. या दोन लाटा वेगळ्या ठेवणे, हे खोक्याचे पहिले काम.

खोक्याला मोजून-मापून भोक व नळी ठेवली तर मागची लाटही उपयोगी पडते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली असता ती एका ठराविक स्वरात घुमते. हाच न्याय येथे लागू होतो. समजा, खोक्यात १५० लिटर हवा आहे व भोकाचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर आहे. नळीची परिणामी लांबी ३० सेंटिमीटर असल्यास हा खोका सेकंदाला सुमारे ४५ आंदोलनांवर घुमेल. लांबी निम्मी केल्यास तोच स्वर ६४ वर चढेल. नळीच्या दोन्ही टोकांजवळची हवाही तिच्याबरोबर हालते, म्हणून प्रत्यक्ष नळी हिशेबापेक्षा थोडी आखूड कापतात. कोणत्या स्पीकरला किती मोठा खोका मानवतो, याचे व्यवहार्य गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडले व १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्णत्वास नेले. त्यासाठी लागणारे आकडे आज उत्पादक स्पीकरबरोबरच देतात. ते न पाहता दुसऱ्याच्या खोक्याची नक्कल करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवून घेणे होय.

खोक्याने स्वतः वाजता कामा नये. म्हणून १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घेऊन आत आडव्या पट्ट्या ठोकतात व प्रत्येक सांधा सरसाने बंद करतात. फट राहिली तर हवा तेथून फुसफुसते. खोक्याच्या घुमण्याच्या स्वराखाली हवेचा आधार सुटतो व शंकू बेफाम हालून फाटण्याचा संभव असतो. म्हणून तेवढे स्वर ॲम्प्लिफायरपूर्वीच गाळतात.

शब्दांची गोष्ट वेगळी. व्यंजने स्पष्ट करणारे स्वर सेकंदाला हजार ते चार हजार आंदोलनांच्या आसपास असतात. त्यांच्यासाठी लहान स्पीकर व कर्णा लागतो. कर्णा आवाजाला दिशा देतो, म्हणून तो श्रोत्यांच्या डोक्यांवरून मागच्या रांगांकडे रोखता येतो.

नवशिक्याचा सर्वांत मोठा भ्रम वॉटविषयी असतो. एक वॉटवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबल देणारा स्पीकर १०० वॉटवर ११७ डेसिबल देईल. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. अर्थात ३२ मीटरवर ८७ उरतात. वॉट दुप्पट केले तरी भर पडते केवळ ३ डेसिबलची, पण पुढच्या रांगेच्या कानांवरचा भारही तेवढाच वाढतो. त्यापेक्षा मैदानाच्या मध्यावर दुसरा लहान ध्वनिक्षेपक ठेवणे शहाणपणाचे. मात्र रंगमंचाचा आवाज ३५ मीटर जाण्यास सेकंदाचा दहावा भाग घेतो; तितकाच विलंब दुसऱ्या ध्वनिक्षेपकाला दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल.

खर्जाचे स्वर मात्र सहज रोखता येत नाहीत. ते चोहोकडे पसरतात व भिंतीतूनही जातात. तीन पाळ्यांत चालणाऱ्या पोलादनगरीत हे विसरून चालत नाही. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा झोपतो, आजारी माणसाला कोणतीच वेळ सोयीची नसते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. कानांचेही गणित कठोर आहे: ८५ डेसिबल आठ तास सोसवतात असे धरले, तर दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. खोक्यांच्या मनोऱ्यासमोर नाचणाऱ्या मुलाला याची कल्पना नसते. ती रचनाकाराला असली पाहिजे. आवाज कोठवर पोहोचवायचा याबरोबर तो कोठे थांबवायचा हेही ज्याने आधीच ठरवले, त्याचाच ध्वनिक्षेपक चांगला म्हणावा.